किती मुली गळाल्या, कशा गळाल्या

बीड जिल्ह्यातल्या वडवणी तालुक्यातून एका संशोधक विद्यार्थिनीचं चार पानी पत्र आलं आहे. सगळं छापायला जागा नाही, म्हणून सार देतो. ती समाजशास्त्रात पीएच.डी. करते आणि एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. तिचा विषय आहे ‘ऊसतोड कामगारांच्या हंगामी स्थलांतराचा मुलींच्या शिक्षणावर होणारा परिणाम : एक समाजशास्त्रीय अभ्यास’. मार्गदर्शक म्हणतात, ३०० प्रश्नावल्या भर, एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये टाक, गृहीतकं तपास आणि मोकळी हो. विभागातले दुसरे सर म्हणतात, आकड्यांत माणूस दिसत नाही, तू मुलाखतीच घे. मैत्रिणीचं म्हणणं, आराखड्यात ‘मिश्र पद्धती’, म्हणजे आकडे आणि मुलाखती दोन्ही, असं लिहून टाक, आरआरसीपुढे, म्हणजे आराखडा मंजूर करणाऱ्या समितीपुढे, वजन पडतं. तिनं ६२ प्रश्नांची प्रश्नावली करून जवळच्या तांड्यावर चाचणी घेतली, तर एक म्हातारी म्हणाली, “लिही बाई तुला काय लिहायचं ते, आम्हाला काय कळतंय.” शेवटी दोन प्रश्न आहेत : “सर, तिन्हींपैकी चांगली पद्धत कोणती? आणि माझी आई स्वतः कोयत्याला (ऊसतोडीला) जाते. तिची मुलाखत घेतलेली चालेल का?”

तू मला ‘सर’ म्हणतेस, तेव्हा मी तुला ‘तू’च म्हणतो.

आधी त्या म्हातारीबद्दल. तिचं वाक्य तू तक्रार म्हणून लिहिलं आहेस, पण तुझ्या चार पानांत कामाचा असा तोच एक डेटा आहे. पत्रासोबत जोडलेल्या प्रश्नावलीत सतरावा प्रश्न असा आहे : ‘मुलींच्या शिक्षणाबाबत आपल्या कुटुंबाचा दृष्टिकोन सकारात्मक आहे, असे आपणास वाटते का?’ उत्तरासाठी पाच चौकटी, ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंत. घरात बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणाऱ्या, सहीऐवजी अंगठा देणाऱ्या बाईनं या पाच पायऱ्यांवर कुठं उभं राहावं? आणि शिकलेल्या पोरीनं तोंडावर विचारल्यावर ‘नाही बाई, आम्हाला मुलीला शिकवायचंच नाही’ असं कोण म्हणेल? रेन्सिस लिकर्टनं १९३२ साली ही मोजपट्टी मांडली तेव्हा ती वृत्ती मोजायला होती, आणि चांगली वापरली तर आजही मोजते. तुला मात्र वृत्ती मोजायची घाई नाही. तुला आधी हे कळायला हवं की कोणती मुलगी शाळेतून गेली आणि ती गेली कशी.

आता तुझा विषय. ‘एक समाजशास्त्रीय अभ्यास’ हे शेपूट काढूनच टाक. आपल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत या शेपटाचे प्रबंध कपाटंच्या कपाटं भरून आहेत. समाजशास्त्राच्या विभागात चुकून खगोलशास्त्रीय अभ्यास होईल, अशी कुणाला भीती वाटते कोण जाणे. उरलेल्या शीर्षकात खरी अडचण ‘परिणाम’ या दाव्यात आहे. परिणाम दाखवायचा तर तुलना लागते. जे गेले ते आणि गेले नाहीत ते, जाण्याआधीचं आणि जाऊन आल्यानंतरचं. तशी तुलना तुझ्या आराखड्यात कुठंच नाही. सगळी घरं ऊसतोडीचीच घेतलीस, तर मुलींच्या गळतीचं कारण स्थलांतर आहे, की वस्तीपासून माध्यमिक शाळेचं अंतर आहे, की सरळ गरिबी, हे तुला सांगता येणार नाही. मग प्रबंधात तू जे ठामपणे लिहिशील ते संशोधनाआधीही ठाऊकच होतं.

म्हणून विषय मोड. माझ्या मते त्यात निदान दोन वेगळे प्रश्न गुंतले आहेत. पहिला असा : सातवीत असलेल्या मुलींपैकी दहावीपर्यंत किती टिकल्या, आणि आईबापाबरोबर उसाच्या फडावर जाणाऱ्या, गावात आजीजवळ राहणाऱ्या, हंगामी वसतिगृहात जेवणाऱ्या आणि ज्यांच्या घरातून कुणी जातच नाही अशा मुलींत फरक किती? दुसरा : मुलीला बरोबर न्यायचं की मागे ठेवायचं, हे घरात ठरतं कसं? कोण ठरवतं, कधी, कशाच्या भीतीनं, कशाच्या बदल्यात? पहिल्याचं उत्तर मोजल्याशिवाय येणार नाही. दुसऱ्याचं मोजून येणारच नाही. तुझे मार्गदर्शक पहिल्या प्रश्नाबद्दल बोलताहेत, दुसरे सर दुसऱ्याबद्दल. दोघांचं भांडण तू अंगावर घेऊ नकोस.

मोजण्याबद्दल थोडं सविस्तर बोलतो. ‘आकड्यांत माणूस दिसत नाही’ हे वाक्य आपल्याकडे फार चालतं आणि ते अर्धंच खरं आहे. मराठवाड्यावर अन्याय होतो, असं इथं प्रत्येक जण बोलत होता. १९८३ साली नेमलेल्या अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या सत्यशोधन समितीनं एकेका क्षेत्रातलं मागासलेपण राज्याच्या सरासरीशी ताडून पैशांत मांडलं, १९८४ साली अहवाल दिला, आणि ‘अनुशेष’, म्हणजे विकासातली राहून गेलेली तूट, हा विधिमंडळात ठणकावून मागता येईल असा हिशेब झाला. गाऱ्हाण्याचा हिशेब होतो तो आकड्यांमुळे. हे त्या सरांना सांग, पण मनातल्या मनात. उद्या आरआरसीत तेच बसलेले असतील.

पण कोणता आकडा? शाळेचा हजेरीपट हा आकडा नव्हे, तो आधी एक कागद आहे. पटावर शिक्षकांची पदं ठरतात, अनुदान ठरतं, म्हणून पट फुगतो. नांदेड जिल्ह्यात शाळांच्या पटाची तपासणी झाली तेव्हा कागदावरची मुलं वर्गात सापडेनात. त्यानंतर २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावली होती. तू तेव्हा शाळेत असशील, तर आठवत असेल. म्हणून नोव्हेंबर ते मार्च पटावर ‘हजर’ दिसणारी मुलगी त्या महिन्यांत फडाच्या कडेला कोपीत (झोपडीत) धाकट्या भावाला सांभाळत नव्हती ना, हे पटावरून कळणार नाही. पट घे, पण घरी जाऊनही विचार, आणि दोन्हींत तफावत निघाली तर ती दडपू नकोस. ती तफावत हाच एक निष्कर्ष आहे.

मग प्रश्न येतो, कुणाला विचारायचं. तुझ्या आराखड्यात ‘जानेवारी-फेब्रुवारीत क्षेत्रकार्य’ असं लिहिलं आहे. बाई गं, जानेवारीत तुझा निम्मा नमुना सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात असेल! त्या महिन्यांत गावात घरोघर फिरलीस तर जे गेले नाहीत त्यांचा अभ्यास होईल, आणि शीर्षक मात्र गेलेल्यांचं असेल. यादी करायची ती नवराबायकोच्या जोड्या निघण्याआधी, किंवा पाडव्याच्या पुढंमागं त्या परतल्यावर. आणि यादी घरांची हवी, नुसती शाळेतल्या मुलांची नको. शाळा सोडून गेलेली मुलगी शाळेत सापडत नाही. प्रथम संस्थेच्या ‘असर’ या मुलांच्या शिक्षणाच्या सर्वेक्षणात हेच सांभाळतात. जिल्ह्यातली ३० गावं यदृच्छेनं निवडायची आणि प्रत्येक गावात २० घरं, म्हणजे जिल्ह्याला ६०० घरं, आणि विचारपूस शाळेत नव्हे तर घरी. तुझ्या एकटीच्या कुवतीत एवढं बसणार नाही, पण गाव चिठ्ठी टाकून निवडायचं आणि गावातली घरंही क्रमानं निवडायची, एवढं बसतं. ओळखीच्या सरपंचाचं गाव आणि मावशीचं गाव अशी निवड केलीस, तर ३०० काय आणि ३,००० काय, त्या आकड्याला तालुक्याबद्दल बोलायचा अधिकार नाही.

३०० हा आकडा सरांनी कुठून आणला ते मला ठाऊक आहे. आधीच्या प्रबंधातून. हिशेब असा बसतो. यदृच्छ नमुन्यात ९५ टक्के खात्रीनं पाच टक्क्यांच्या आतबाहेर अंदाज हवा असेल तर ३८४ जण लागतात, आणि ३०० घेतले तर चूक सुमारे ५.७ टक्क्यांवर जाते. एवढं चालून जाईल. पण तू वर सांगितलेले चार गट पाडलेस की प्रत्येकात ७५ उरतात, आणि तिथं तीच चूक ११ टक्क्यांच्या वर जाते. शिवाय एकाच तांड्यावरची घरं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे प्रत्यक्षात ती यापेक्षाही जास्त. म्हणजे दोन गटांत आठ-दहा टक्क्यांचा फरक दिसला तर तो खरा की नमुन्याचा खेळ, हे सांगता येणार नाही. गट कमी कर. माझं मत विचारशील तर दोनच ठेव, फडावर जाणाऱ्या आणि मागे राहणाऱ्या. वसतिगृहाचा प्रश्न मुलाखतींत जाऊ दे.

आणि समज, मागे राहणाऱ्या मुली जास्त टिकल्या असं निघालं. तरी मागे राहिल्यामुळं टिकल्या, असं लिहायची घाई करू नकोस. जिची आजी धडधाकट आहे, घर बंद करून जावं लागत नाही, दोन एकर का होईना जमीन आहे, तीच मुलगी मागे राहू शकते. ती कदाचित तशीही टिकली असती. म्हणून आजी आहे का, जमीन किती, यंदा मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घेतली, मोठी बहीण किती शिकली, हे चार-पाच प्रश्न अनुसूचीत पाहिजेतच. प्रश्नावली म्हणजे उत्तर देणारा स्वतः भरतो ती. तुला हवी ती तू विचारून स्वतः भरायची अनुसूची. २० प्रश्न पुरेत. काय-वर्ग चाचणीत ०.०५ च्या खाली आकडा आला की पेढे वाटायचे नसतात. त्यानं एवढंच कळतं की हा फरक निव्वळ योगायोगानं पडणं कठीण होतं. फरक मोठा आहे का, त्याचं कारण काय, हे ती चाचणी बोलत नाही.

मुलाखतींचं सांगतो. तुला आणि तुझ्या दुसऱ्या सरांनाही बहुधा वाटतंय की हा सोपा रस्ता आहे, गणित नको, संगणक नको, दहा बायांशी बोललं की झालं. तासाभराचं बोलणं कागदावर उतरवायला चार-पाच तास सहज जातात, गोरमाटीतलं असेल तर त्याहून जास्त. मग एकेक ओळ वाचत कशाबद्दल काय बोललं गेलं त्याच्या खुणा करायच्या, त्या खुणांचे गट बांधायचे, गट मोडायचे, पुन्हा बांधायचे. आणि आपल्या समजुतीला छेद देणारी एखादी बाई भेटली तर ती टाळायची नाही, मुद्दाम तशाच आणखी शोधायच्या. हे न करता प्रकरणाच्या शेवटी दोन हळवी अवतरणं लावली, तर ते गुणात्मक संशोधन होत नाही, वर्तमानपत्राची पुरवणी होते.

किती मुलाखती? ठरलेला आकडा नाही. नवीन बाईकडून नवीन काही निघेनासं झालं की थांबायचं. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांतल्या बायकांच्या ६० मुलाखती तपासून २००६ साली दाखवलं, की बहुतेक मुद्दे पहिल्या १२ मुलाखतींतच येऊन गेले होते. आपल्याकडे लोक तेवढाच १२ चा आकडा उचलतात. त्या बायका एकसारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि सगळ्यांना सारखेच प्रश्न होते, ही अट मागेच राहते. तुझ्याकडे आया आहेत, आज्या आहेत, मुली आहेत, शिक्षक आहेत. प्रत्येक गटाचं पोट वेगळं भरेल.

विचारायचं कसं? ‘शिक्षणाचं महत्त्व’ हे शब्द तोंडातून काढू नकोस. ‘मागच्या दिवाळीला निघायच्या आदल्या दिवशी घरात काय काय झालं ते सांगा’, असं विचार. सामान कुणी बांधलं, पोरीचं दप्तर घेतलं की ठेवलं, कोण काय म्हणालं. माणसाला मत विचारलं की तो भाषण देतो. घडलेलं विचारलं की सांगतो. मुकादमासमोर तर एकही मुलाखत नको. त्याच्या उचलीत अडकलेली बाई त्याच्या देखत जे बोलेल ते त्याच्यासाठी असेल, तुझ्यासाठी नाही. फडावर गेलीस तरी तो तुला खुर्ची देईल, चहा देईल आणि दोन ‘चांगल्या’ बायका बोलावून देईल. चहा पी. मुलाखत नंतर, परतीच्या मोसमात, गावात घे.

हो, आणि दहा बायकांशी बोलून ‘७० टक्के महिलांच्या मते’ असं कुठं लिहिलंस तर माझं नाव सांगू नकोस.

आरआरसीत कुणीतरी विचारेलच, “दहा-वीस मुलाखतींची विश्वसनीयता काय?” लिंकन आणि गूबा यांनी १९८५ साली या कामाच्या चार कसोट्या दिल्या : सांगितलेलं पटण्याजोगं आहे का, दुसरीकडे कुठवर लागू होईल हे वाचणाऱ्याला ठरवता येईल इतकं वर्णन आहे का, कामाची प्रत्येक पायरी नोंदलेली आहे का, आणि निष्कर्ष लोकांच्या बोलण्यातून आलेत की संशोधकाच्या डोक्यातून, हे तपासता येतं का. रोजची वही ठेव. कुणाला का निवडलं, कोणता प्रश्न का बदलला, सगळं तारखेसह. उत्तर त्या वहीत असेल.

आता मैत्रिणीचा सल्ला. मिश्र पद्धती लिहिल्यानं वजन पडतं हे खरं आहे, पण पुढं ते उचलावंही लागतं. चौथ्या प्रकरणात तक्ते, पाचव्यात मुलाखती आणि दोघांची एकमेकांशी ओळखच नाही, असे प्रबंध मी पाहिले आहेत. ते एका बाइंडिंगमधले दोन प्रबंध. दोन्ही माहिती कुठंतरी एकमेकींना भिडली पाहिजे, एकीनं दुसरीला प्रश्न विचारला पाहिजे. तेवढं झालं तरच मिश्र म्हणायचं.

तुझ्याच जिल्ह्यातलं उदाहरण घे. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ साली गदारोळ झाला. राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. म्हणजे जवळपास १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण ३.२ टक्के होतं. दोन्हींकडचे वयोगट आणि निवड सारखी नाही, म्हणून ‘पाचपट’ असं बेधडक लिहायचं नाही. तरी एवढी दरी पाहून ‘बायकांना असले आजार असतातच’ असं म्हणायची सोय उरली नाही. आकड्यानं हे केलं.

पण आकडा पाहून कुणी म्हणालं मुकादम जबरदस्ती करतात, कुणी म्हणालं डॉक्टर लुटतात, कुणी म्हणालं बायकाच अडाणी. बायकांशी बसून बोलल्यावर वेगळी गुंतवळ दिसली. फडावर न्हाणीघर नाही, संडास नाही, पाणी लांब. पाळीत पोट दुखून दिवस बुडाला तर खाडा कापला जातो. अंगावरून जातं म्हणून खासगी दवाखान्यात गेलं तर कॅन्सरची भीती घातली जाते. लेकरं झालेलीच असतात, मग ‘पिशवी काढून टाका’. एकेका पायरीवर ती बाई विचार करूनच वागलेली असते, आणि तरी शेवट तिथंच होतो. हे कोणत्याही तक्त्यात बसलं नसतं. आणि उलटही बघ : ‘गर्भाशय शस्त्रक्रिया झाली आहे का’ असं अनुसूचीत लिहून विचारलं तर काही जणी गोंधळतील. ‘पिशवी काढलीय का’ म्हटलं की लगेच उत्तर येतं. मोजण्याआधी ऐकावं लागतं, ते यासाठी.

जॉन क्रेसवेल आणि विकी प्लानो क्लार्क यांच्या पुस्तकांमुळे मिश्र पद्धतीच्या तीन मांडण्या सगळीकडे शिकवल्या जातात. दोन्ही माहिती एकाच वेळी गोळा करून ताडून पाहणं ही पहिली. तुझ्या एकटीला, तेही तासिका तत्त्वावरची नोकरी सांभाळून, ती झेपणार नाही, विसर. आधी ऐकून मग मोजणं ही दुसरी, जिथं मुळात काय विचारायचं तेच माहीत नसतं तिथं ती लागते. आधी मोजून मग ऐकणं ही तिसरी, आणि मी तुला हीच सुचवतो, सुरुवातीला दुसरीचा एक तुकडा जोडून.

म्हणजे काय करायचं? आता लगेच पाच-सहा घरांत अनुसूची न घेता जा. त्या म्हातारीकडे पहिल्यांदा. नुसतं बसून ऐक, आणि लोक कोणत्या गोष्टी कोणत्या शब्दांत सांगतात ते टिपून घे. त्यावरून २० प्रश्न लिही. मग सहा-सात गावांत घरांची मोजणी कर आणि मार्गदर्शकांना त्यांच्या ३०० अनुसूच्या दे. त्यांची मागणी चुकीची नाही, अपुरी आहे. आराखड्यातल्या अकरा गृहीतकांऐवजी दोन ठेव, ती नीट तपास. आणि मुलाखतीसाठी माणसं त्या मोजणीतूनच उचल. आकड्यांच्या हिशेबानं जिनं गळायलाच हवं होतं, म्हणजे फडावर जाते, जमीन नाही, आजी नाही, आणि तरी दहावीला बसली, अशा मुली शोध. आणि उलट्या, जिच्याकडे सगळं होतं आणि तरी नववीत शाळा सुटली, त्याही. अशा १५-२० घरांत तुझा प्रबंध दडला आहे. बाकीच्या २८० घरांनी तुला एवढंच सांगितलेलं असेल की ही घरं वेगळी आहेत. शेवटच्या प्रकरणात एक तक्ता कर : एका बाजूला आकडा, शेजारी बोलणं, आणि तिसऱ्या रकान्यात दोन्ही जुळतात की भांडतात. भांडत असतील तर मिटवू नकोस.

वेळेचंही बघ. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं आहेत, महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. पण हंगाम वर्षातून एकदाच येतो. एक चुकला की पुढच्या दसऱ्यापर्यंत थांब.

अठरा वर्षांखालच्या मुलींशी बोलताना आईबापाची संमती घे आणि त्यानंतर मुलीलाही विचार. ती नको म्हणाली तर नको. गावाचं, मुकादमाचं, कारखान्याचं नाव बदल. तीन घरांच्या वस्तीत नुसतं नाव बदलून ओळख लपत नाही, तेव्हा तपशीलही ढिले कर. आणि एक गोष्ट घडणारच : एखाद्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न ठरलेलं तुला कळेल. कोयता म्हणजे जोडी, जोडी झाली की उचल मिळते, हे तुला मी सांगायला नको. त्या वेळी संशोधक म्हणून गप्प बसायचं की १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर फोन करायचा, हा प्रश्न दारात उभं राहून सुटत नाही. मार्गदर्शकांशी आधीच बोल आणि ठरलेलं आराखड्यात लिही. माझं मत विचारशील तर फोन कर.

आता आईचं. तिची मुलाखत चालेल का? प्रबंधातला एक नमुना म्हणून, नको. ती तुला हवं ते बोलेल, किंवा तुला लागेल असं काही टाळेल, आणि तू तिला पुढचा प्रश्न विचारायला धजणार नाहीस. पण तिला बाहेर ठेवलंस तर ते खोटं होईल, कारण या विषयाकडे तू तिच्यामुळंच आलीस. पद्धतीच्या प्रकरणात ‘संशोधकाची भूमिका’ असा भाग असतो, आणि बहुतेक जण तिथं ‘संशोधक तटस्थ राहिली’ एवढं लिहून पुढं जातात. तिथं दोन-तीन पानं लिही. तू ऊसतोड घरातली आहेस, हंगामात कुठं राहिलीस, त्यामुळं तुला कोणती दारं उघडली, आणि कोणत्या गोष्टी इतक्या ओळखीच्या आहेत की त्यांबद्दल विचारायचं तुला सुचतच नाही. या शेवटच्या धोक्यावर इलाज आहे. तुझ्या मुलाखतींतल्या दोन-चार उतरवलेल्या, नावं काढलेल्या, बाहेरच्या कुणाला तरी वाचायला दे, तुळजापूरच्या टाटा संस्थेतल्या एखाद्या विद्यार्थ्याला का होईना, आणि तो कुठं अडतो ते बघ. आईला मात्र अनुसूची वाचून दाखव. कोणता प्रश्न विचारल्यावर बाई उठून चुलीकडे जाईल, हे ती तुला माझ्यापेक्षा आणि तुझ्या दोन्ही सरांपेक्षा बरोबर सांगेल.

आराखडा या महिन्यात बदलायचा असेल तर बदल, पण त्याआधी एक काम. शाळांतून गेल्या तीन वर्षांतल्या सातवीच्या मुलींच्या याद्या मिळवायला गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र लागेल. तो अर्ज टपालानं पाठवू नकोस, हातानं नेऊन दे, पोच घे आणि आठवड्यानं पुन्हा जा. दसऱ्याच्या आत याद्या हातात आल्या नाहीत तर घरांना कुलपं लागायला सुरुवात झालेली असेल. शीर्षकाची भाषा नंतरही दुरुस्त करता येईल.